दालचिनीचा हिशेब

मसाल्याच्या डब्याला औषधाची पेटी मानण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सर्दीला सुंठ, पोटदुखीला ओवा, जेवणानंतर बडीशेप ही योजना घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. त्या योजनेत मात्रा चिमटीची असे आणि उपचार दोन-चार दिवसांचा. अलीकडे मात्र चित्र पालटले आहे. वजन उतरावे, रक्तातील साखर आटोक्यात यावी, या हेतूने दालचिनीची पूड चमच्याने किंवा कॅप्सूलच्या रूपाने महिनोन्‌महिने घेणारे अनेक जण आपल्या परिचयात आढळतात. दिवसभर पेढीवर बसून काम, अवेळी चहा-फराळ आणि लग्नसराईतील मिष्टान्ने ही ज्यांची दिनचर्या, त्या आपल्या व्यापारी कुटुंबांना असा सोपा उपाय मोहात पाडतो, हे स्वाभाविकच होय. म्हणून या व्यवहाराची जमा आणि नावे या दोन्ही बाजू तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. दालचिनीची कीर्ती पसरली ती मुख्यतः २००३ साली ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातील एका अभ्यासामुळे. मधुमेहाच्या साठ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज एक, तीन किंवा सहा ग्रॅम दालचिनी आणि उरलेल्यांना निष्क्रिय पूड चाळीस दिवस देण्यात आली. दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली, कोलेस्टेरॉलही घटले. हे आकडे आकर्षक होते. परंतु साठ माणसे आणि चाळीस दिवस हा पाया लहानच. पुढे २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने अशा दहा चाचण्यांचा, एकूण ५७७ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी या कसोटीवर दालचिनीचा लक्षणीय लाभ त्यात दिसला नाही आणि मधुमेहावर तिची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. वजनाच्या बाबतीतही निरनिराळ्या अभ्यासांची बेरीज केली असता आढळणारी घट फार तर किलोभराच्या आसपास भरते. तेवढी घट रात्रीच्या जेवणानंतरचे गोड बंद केल्यानेही साधते.

आता नावेची बाजू. बँकेच्या सेवेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मसाल्याच्या गोदामांत जाण्याचा योग मला अनेकदा आला. तेथे एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की ‘दालचिनी’ या एका नावाखाली दोन भिन्न झाडांच्या साली विकल्या जातात. श्रीलंकेतील खरी दालचिनी कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी, अनेक पदरांची गुंडाळी असते. ती बोटांनी चुरडता येते. दुसरी साल कॅसियाची. ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया येथून येते. ती जाड, कठीण, गडद तांबूस आणि बहुधा एकपदरी असून भावाने बरीच स्वस्त असते. बाजारात अधिक खपते ती हीच. अखंड साल असेल तर जाणकाराला फरक ओळखता येतो. पूड झाल्यावर मात्र नुसत्या नजरेने सांगणे अवघड.

हा भेद केवळ चवीचा वा भावाचा नाही. कॅसियात कूमरिन नावाचे द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते. खऱ्या दालचिनीत ते नाममात्र असते. कूमरिन दीर्घकाळ पोटात गेल्यास काही संवेदनशील व्यक्तींच्या यकृताला इजा पोहोचू शकते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा सहा मिलिग्रॅम पडते. एक ग्रॅम कॅसियात साधारण तीन मिलिग्रॅम कूमरिन धरले, तर दोन ग्रॅम पुडीतच, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी पुडीत, दिवसाची मर्यादा संपते. आमटीत किंवा मसालेभातात पडणारा सालीचा तुकडा निर्धोक आहे. प्रश्न उभा राहतो तो रोजच्या चमच्याचा.

आपल्या आचाराच्या दृष्टीनेही दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनवलेले असते. आतील पूड वनस्पतिजन्य असली म्हणून कॅप्सूल शाकाहारी ठरत नाही. तेव्हा वेष्टनावर हिरवे चिन्ह आहे का आणि आवरण वनस्पतिजन्य सेल्युलोजचे आहे का, हे वाचूनच खरेदी करावी. दुसरी गोष्ट म्हणजे मध-दालचिनीचा लोकप्रिय काढा. मध आपल्याला वर्ज्य, म्हणून कित्येक घरांत त्याऐवजी गूळ घालतात. दहा ग्रॅम गुळात जवळजवळ चाळीस उष्मांक असतात आणि साखरही त्याने वाढतेच. मग त्या काढ्याने साधले काय?

काहींनी तर विशेष सावध राहावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, यकृताचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज अशी पूरके घेऊ नयेत. पर्युषणात उपवास किंवा एकासणे करणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी औषधांची मात्रा आधीच वैद्यकीय सल्ल्याने ठरवून घ्यावी, कारण उपवासात साखर एकाएकी खाली जाण्याचे भय असते. सर्वांत घातक ठरते ते दालचिनीच्या भरवशावर चालू औषध परस्पर बंद करणे. त्याचे परिणाम त्या दिवशी दिसत नाहीत. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांवर ते काही वर्षांनी उमटतात.

मसाल्याचा व्यापार करणाऱ्या बंधूंवर तर याहून मोठी जबाबदारी आहे. गिऱ्हाईक औषध म्हणून दालचिनी मागत असेल, तर आपण देतो ती साल कोणती, हे न विचारता सांगावे. दोन पैसे कमी सुटले तरी पेढीची पत वाढेल.

वजन आणि साखर यांचा खरा इलाज आपल्या परंपरेने कधीच सांगून ठेवला आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याच्या ऊणोदरीला आपण तपात स्थान दिले आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नेम घालून घेतला. त्याला रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याची जोड द्यावी. दालचिनीला तिच्या जागी, मसाल्याच्या डब्यातच, सुखाने राहू द्यावे.