आणीबाणीतलं पहिलं पान

आणीबाणीत वर्तमानपत्रांतून लोकशाही हा शब्दच गायब झाला होता, अशी हल्लीच्या मुलांची समजूत असते. छे! त्या २१ महिन्यांत तो रोज छापून यायचा. मी तेव्हा मुंबईच्या एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो.

सरकारचं म्हणणं सरळ होतं : देशाविरुद्ध कट शिजतोय, लोकशाही वाचवायची तर शिस्त हवी. हे वाचकाच्या गळी उतरवायला अग्रलेखांची गरज नव्हती, बातम्यांची निवड पुरेशी होती. कोणाला पकडलं, किती जणांना पकडलं, हे छापायचं नाही. मग ती जागा कशानं भरायची? गाड्या वेळेवर धावतात, भाव उतरले, साठेबाजांवर छापे, वीस कलमी कार्यक्रम. यातल्या बऱ्याच बातम्या खऱ्याही असत, खुबी तीच. जयप्रकाश नारायण तुरुंगात आहेत हे ज्या पानावर नाही, तिथे वेळेवर आलेली गाडी म्हणजे सुराज्य वाटू लागतं.

फेब्रुवारी १९७६मध्ये चार वृत्तसंस्थांची मोट बांधून ‘समाचार’ काढण्यात आली. तोवर पीटीआय आणि यूएनआयचा मजकूर आम्ही शेजारी ठेवून ताडून बघायचो. ती सोयही गेली.

‘इंडियन एक्सप्रेस’नं २८ जून १९७५ला अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. लगेच कोऱ्या जागेवर बंदी आली, आणि ती गांधीजींच्या किंवा टागोरांच्या वचनांनी भरण्यावरही. गांधीजींची एवढी धास्ती इंग्रजांनंतर यांनीच घेतली!

मोठी दैनिकं बहुतेक वाकली. झगडली ती छोटी पत्रं. यदुनाथ थत्त्यांचं ‘साधना’ नमलं नाही. मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’साठी मुंबई हायकोर्टात गेले. १९७६मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी निकाल दिला, की साऱ्या पत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. खप शे-हजारांत असलेल्या मासिकानं हे मिळवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मार्च १९७७मध्ये इंदिरा गांधी हरल्या. आमच्या डेस्कवर वीस कलमांचे मथळे लावणाऱ्यांनीच मग ‘हुकूमशाहीचा अंत’ असा मथळा लावला. टाइप तेवढा मोठा घेतला.