परसातली हॉप्स, घरची बिअर

अमेरिकेच्या ऑरेगन-वॉशिंग्टन पट्ट्यात हॉप्सचे वेल परसदारीही चांगले फोफावतात. दोर बांधून दिला की वेल पाच-सहा मीटर सहज चढतो. घरगुती बागेत आवडता वाण कॅस्केड. ऑरेगनमध्ये तयार होऊन तो 1972मध्ये बाजारात आला. ग्रेपफ्रूटसारखा वास ही त्याची ओळख. बिअरसाठी फुलं लागतात ती मादी वेलाचीच.

तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तारखेपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा. कच्चं फूल दाबलं की ओलसर, मऊ लागतं. तयार फूल कागदासारखं कुरकुरतं. उभं चिरलं तर आत ल्युप्युलिनची पिवळीधमक भुकटी दिसते, बोटं चिकट होतात. ताज्या फुलात सुमारे 80 टक्के पाणी असतं. म्हणून ओली फुलं थेट वापरायची, तर वजन सुक्याच्या चार-पाच पट घ्यावं. उरलेली मंद उष्णतेत वाळवून, हवा काढलेल्या पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवावीत.

घरच्या फुलांत कडवटपणा देणारं अल्फा आम्ल किती, हे तपासणीशिवाय कळत नाही. त्यामुळे तासभर उकळायला विकतची, आकडा छापलेली हॉप्स घालावीत. घरची फुलं उकळी संपताना, सुवासासाठी. ‘सगळं घरचंच’ हा हट्ट इथे महागात पडतो.

घरी बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 1978मध्ये मुभा दिली. मिसिसिपीत मात्र 2013 उजाडलं. आणि घरात कुत्रं असेल तर वापरलेला चोथाही त्याच्या तोंडी लागू देऊ नका, हॉप्स त्याच्या जिवावर बेतू शकतात.