आधी मोजा, मग बदला
जुन्या मोटारसायकलीच्या वायरिंगचे दुखणे आणि त्यातला धंदा

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या देवळामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे सर्वांना ठाऊक आहे. भरतीच्या वेळी खडकाच्या चिंचोळ्या घळीत लाट शिरते, पाणी उंच उसळते आणि ते पाहायला लांबून माणसे येतात. पण समुद्राचे हे खारे तुषार किनाऱ्यावरच थांबत नाहीत. वाऱ्याबरोबर ते गावात येतात, खिडकीच्या गजांना गंज चढवतात आणि पडवीत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलीच्या वायरिंगमध्येही शिरतात.

गुहागर, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात अशा गाड्या घरोघरी सापडतील. घरातला कर्ता माणूस मुंबईत किंवा आखातात असतो. वडिलांच्या काळातील बुलेट, जावा, येझदी किंवा राजदूत विकायला मन होत नाही, म्हणून ती उभी राहते. मग महिना-दीड महिन्याच्या रजेवर आलेला मुलगा म्हणतो, या खेपेला गाडी चालू करायचीच. इंजिन उघडले जाते, टाकीला नवा रंग लागतो, क्रोम चकाकते. आणि शेवटी गाडी अडते ती विजेवर. किक मारून पाय दुखतो, ठिणगी पडत नाही. दिवा लागला तर मिणमिणतो. हॉर्न दाबला की दिवाही जातो.

येथून पुढे खरा खर्च सुरू होतो. मिस्त्री म्हणतो, कॉइल गेली. कॉइल येते. मग कंडेन्सर, मग रेक्टिफायर, मग नवी बॅटरी. एकेका वस्तूसाठी चिपळूणला, कधी थेट मुंबईला माणूस धाडावा लागतो. रजा संपते, पैसे संपतात आणि गाडी जागेवरच राहते. मालक पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढत नाही. यात मालकाचे जितके नुकसान, तितकेच मिस्त्रीचेही आहे. म्हणून हे काम कसे करावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. सांगायचे मुख्य सूत्र एकच : आधी मोजा, मग बदला. किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीत बिघाड पुष्कळदा एखाद्या भागात नसून दोन भागांच्या जोडात असतो.

सहा व्होल्टचे गणित

भारतात १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी गाड्या काढल्या. त्या काळातील बहुतेक मोटारसायकली ६ व्होल्टच्या होत्या. आजच्या गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. हा फरक नीट समजला तर अर्धे निदान तिथेच होते.

३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर प्रवाह घेतो. तोच ३५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ५.८ अँपिअर घेतो, म्हणजे दुप्पट. आता वाटेत एखादा जोड गंजला आणि तेथे केवळ ०.१ ओमचा अडथळा तयार झाला असे समजा. १२ व्होल्टच्या गाडीत तेथे सुमारे ०.३ व्होल्ट खर्च होतील. बारातून ०.३ गेले तर कळतही नाही. ६ व्होल्टच्या गाडीत मात्र सुमारे ०.६ व्होल्ट जातील, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. दिव्याचा दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. हा झाला एक जोड. स्विच, फ्यूज, होल्डर आणि बॉडीचा अर्थ असे चार-पाच जोड मिळून दिवा काजव्यासारखा होतो आणि दोष मात्र बॅटरीला किंवा डायनॅमोला दिला जातो.

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या घरातील बायका जाणतात. तांब्या-पितळेला आंबट किंवा खारट ओल लागली की हिरवा थर धरतो. वायरीच्या टोकांचेही तेच होते. वरचे आवरण चांगले दिसते, पण आत तांब्याची तार काळी-हिरवी पडलेली असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहरातील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पुरात बुडालेल्या गाडीचेही दुखणे असेच असते. वरून वाळली तरी आतली ओल आणि गाळ आपले काम करीत राहतात.

कामाला हात घालण्यापूर्वी

लागणारे सामान फार नाही. काहीशे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर, होल्डरमध्ये बसवलेला एक लहान बल्ब आणि त्याला दोन वायरी, म्हणजे टेस्ट लॅम्प, फीलर गेज, बारीक काचकागद, वही आणि पेन्सिल. वही सर्वांत महत्त्वाची. जुनी वायरिंग काढण्यापूर्वी कोणत्या रंगाची वायर कोठून कोठे जाते, हे लिहून घ्यावे आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी. वायरिंग अगोदरच कोणी तरी बदललेली असेल तर रंगांवर विसंबून राहू नये.

पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. जुन्या वायरिंगमध्ये ठिणगी उडते आणि जुना कॉक गळतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर गाडीच नव्हे, पडवीही जळेल. बॅटरी जोडण्यापूर्वी तिची कोणती बाजू बॉडीला आहे, ते पाहावे. आपल्याकडे मायनस बॉडीला देण्याची सवय आहे. परंतु काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तेथे उलटी जोडणी केली तर नवा रेक्टिफायर जळतो.

पहिली पायरी : बॅटरी

पूर्ण चार्ज असलेली ६ व्होल्टची बॅटरी रिकाम्या स्थितीत सुमारे ६.३ व्होल्ट दाखवते आणि १२ व्होल्टची सुमारे १२.६. पण एवढे पाहून थांबू नये. हेडलाइट लावून पुन्हा मोजावे. दिवा लावताच आकडा झपाट्याने कोसळत असेल तर बॅटरी थकलेली आहे. आकडा टिकून आहे आणि तरी दिवा मंद आहे, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष पुढच्या वाटेवर आहे.

दुसरी पायरी : अर्थ

नव्याने रंगवलेल्या गाडीत हा दोष हमखास सापडतो. जुन्या गाडीत परतीचा प्रवाह फ्रेममधून येतो. फ्रेमला जाड रंग किंवा पावडर कोटिंग दिले की बोल्टखालचा उघडा लोखंडी भाग झाकला जातो आणि प्रवाहाची वाट बंद होते. गाडी रंगापूर्वी चालत होती आणि रंगानंतर मेली, असे कोणी सांगितले तर प्रथम येथे पाहावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. दिवा चालू ठेवावा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ बाजूला आणि दुसरे हेडलाइटच्या होल्डरच्या बॉडीला लावावे. वाट स्वच्छ असेल तर मीटर शून्याच्या जवळ राहील. अर्धा व्होल्ट दिसला तर तेवढा दाब परतीच्या वाटेत वाया जात आहे. मग हेच टोक हळूहळू बॅटरीकडे सरकवत आणावे. जेथे आकडा एकदम उतरेल, त्या जोडात दोष आहे. प्लसच्या बाजूने बॅटरी ते स्विच, स्विच ते होल्डर असेच मोजत जावे. बुलेटमध्ये हेडलाइटवरच्या आवरणात अँमीटर असतो. गाडीचा बहुतेक प्रवाह त्याच्यातून जातो, म्हणून त्याच्या मागचे नट सैल झाले तरी सारी गाडी बंद पडते. यात एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

बोल्टखालचा रंग तेवढ्या जागी खरवडावा, दात असलेला वायसर घालावा आणि घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. आणखी पक्के काम हवे असेल तर हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढावी.

तिसरी पायरी : शॉर्ट शोधणे

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्या जागी सिगारेटची चांदी गुंडाळण्याची खोड काही ठिकाणी आहे. तिने फ्यूज वाचतो, पण वायरिंग जळते. त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत टेस्ट लॅम्प जोडावा. चावी आणि सारे स्विच बंद ठेवावेत. लॅम्प लागला तर प्रवाह कोठे तरी चोरवाटेने जात आहे. मग मागचा दिवा, ब्रेकचा स्विच, हॉर्न अशा शाखा एकेक करून सोडवाव्यात. ज्या शाखेवर लॅम्प विझेल, तिच्यात शॉर्ट आहे. हँडलच्या गळ्याशी, टाकीखाली आणि मागच्या मडगार्डमध्ये वायर घासलेली असते. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही पुष्कळदा सापडते. डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे पॉइंट चिकटून बसले तरी बॅटरी उलट डायनॅमोत रिकामी होत राहते, हेही लक्षात ठेवावे.

चौथी पायरी : ठिणगी

राजदूत १७५ मध्ये फ्लायव्हील मॅग्नेटो आहे. तिची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही. जुन्या जावा आणि बहुतेक जुन्या बुलेट गाड्यांत मात्र बॅटरीवर चालणारी कॉइल असते. तेथे बॅटरी मेली की ठिणगीही मेली. म्हणून गाडी कोणत्या जातीची, हे आधी ठरवावे.

बरेच महिने उभ्या गाडीत पॉइंटवर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो. काचकागदाची एक घडी फिरवून, मग कोरा कागद ओढून ते साफ करावेत. पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. अचूक आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. पॉइंट उघडताना तेथेच मोठी निळी-पांढरी ठिणगी उडत असेल आणि पॉइंट लवकर काळे पडत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. गाडी थंड असताना चालते, तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते, अशा वेळी कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही तपासावेत. त्यातही गाडी तापलेली असतानाच तपासावे, निवल्यावर नव्हे.

पाचवी पायरी : चार्जिंग

इंजिन चालू करून मध्यम वेगावर बॅटरीचा दाब मोजावा. १२ व्होल्टच्या गाडीत तो साधारण १३.८ ते १४.४ असावा. ६ व्होल्टच्या गाडीत ७ च्या आसपास असावा. आकडा वाढतच नसेल तर डायनॅमोचे कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर पाहावेत. काळवंडलेला कॉम्युटेटर साफ करून आणि झिजलेले ब्रश बदलून पुष्कळ डायनॅमो जिवंत होतात. अल्टरनेटरच्या गाडीत रेक्टिफायर मीटरवर तपासता येतो. एका दिशेने प्रवाह जावा, उलट दिशेने जाऊ नये. वाइंडिंग जळाले, हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

मूळ रूप राखावे की बदलावे?

पुष्कळ जण सल्ला देतात की सारे काढून १२ व्होल्ट करून टाका. रोज चालवायच्या गाडीसाठी तो विचार चुकीचा नाही. परंतु केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी व मोटार यांना 'विंटेज' म्हणून नोंद मिळू शकते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि नूतनीकरणासाठी ५,००० रुपये फी त्या नियमांत ठरवली गेली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती चालवता येते. तेव्हा १९७० च्या सुमाराची गाडी हाती आली तर मालकाला आधी विचारावे : रोज फिरवायची की जपायची? जपायची असेल तर काढलेला एकही मूळ भाग फेकू नये.

नवी वायरिंग घालताना वायरीच्या जाडीत काटकसर करू नये. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओम अडथळा असतो. अर्ध्या जाडीची वायर घेतली तर तो दुप्पट होतो. वाचलेले चार पैसे दिव्यातून वजा होतात.

धंदा म्हणून पाहताना

आमच्या किनारपट्टीच्या गावांत दुचाकी दुरुस्तीची गॅरेजे पुष्कळ आहेत. वायरिंगचे निदान नीट करणारी माणसे मात्र थोडी आहेत. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणाने हे काम अंगी बाणवले तर त्याला दूर जावे लागणार नाही. रजेवर येणाऱ्यांच्या गाड्या मे महिन्यात, ईदला, गणपतीत आणि शिमग्याला ओळीने उभ्या राहतात.

आमची सूचना एवढीच, की निदानाचे पैसे वेगळे आणि उघडपणे सांगून घ्यावेत. दोन तास मोजणी करून एक सैल नट सापडला, तर बिल त्या दोन तासांचे करावे. नव्या कॉइलचे नव्हे. कोठे किती व्होल्ट मिळाले, हे कागदावर लिहून द्यावे आणि बदललेला जुना भाग मालकाच्या हाती ठेवावा. मालकानेही केवळ सामानाचे पैसे देऊन हुन्नर फुकट मागू नये. मोजमापाला पैसे मिळाले नाहीत, तर मिस्त्रीला सामान विकण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. मग रजेचे दिवस पुन्हा चिपळूणच्या फेऱ्यांत जातात.