निवासवाहनातील लिथियम विद्युत् घटमाला

निवासवाहनातील लिथियम विद्युत् घटमाला : झोपणे, स्वयंपाक, स्नान इ. सोयी आत बसविलेल्या मोटारगाडीस निवासवाहन किंवा मोटारहोम म्हणतात. अशा वाहनात सामान्यतः दोन स्वतंत्र विद्युत् घटमाला, म्हणजे बॅटऱ्या, असतात. एक एंजिन सुरू करण्यासाठी असते. दुसरी वाहन थांबलेले असताना दिवे, पंखे, पाण्याचा पंप, प्रशीतक इ. साधनांना वीज पुरविते व तिला गृहोपयोगी घटमाला म्हणतात. ही दुसरी घटमाला दीर्घकाळ शिसे-अम्ल प्रकारची असे. आता तिच्या जागी लिथियम घटमाला बसविण्याचा प्रघात वाढला आहे. हा बदल एक पेटी काढून दुसरी ठेवण्याइतका सोपा दिसतो. तथापि, लिथियम घटमालेचे जे गुण तिला श्रेष्ठ ठरवितात, तेच गुण शिसे-अम्ल घटमालेसाठी आखलेल्या जुन्या प्रणालीवर नको तितका ताण आणतात. म्हणून वीज देणारी साधने, तारा व संरक्षक योजना यांचाही त्याबरोबर फेरविचार करावा लागतो.

इतिहास : पुन्हा विद्युत् भारित करता येणारा शिसे-अम्ल घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तोँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. अमेरिकेतील पीअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्ये ‘टूरिंग लँडो’ ही राहण्याच्या सोयींची मोटारगाडी प्रदर्शित केली. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये निवासवाहनांचे उत्पादन सुरू केल्यानंतर ती मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आटोक्यात येऊ लागली. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. टेक्सस विद्यापीठातील जॉन बी. गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये लिथियम लोह फॉस्फेट हे धनाग्रासाठी उपयुक्त द्रव्य असल्याचे प्रसिद्ध केले. निवासवाहनांत आज प्रामुख्याने याच प्रकारचे घट वापरतात. लिथियम-आयन घटाच्या विकासाबद्दल गुडइनफ, एम्. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही प्रकारांची तुलना : शिसे-अम्ल घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित व विश्रांत अवस्थेत तिचा विद्युत् दाब सु. १२·७ व्होल्ट असतो व निम्मी धारणा संपेपर्यंत तो सु. १२·१ व्होल्टपर्यंत उतरतो. लिथियम लोह फॉस्फेट घटाचा नाममात्र दाब ३·२ व्होल्ट असून चार घट एकसरीत जोडून १२·८ व्होल्टची घटमाला बनते. तिचा दाब विसर्जनाच्या बहुतेक काळात जवळजवळ स्थिर राहतो व अखेरीस एकदम घसरतो.

शिसे-अम्ल घटमाला वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, प्रवाह जितका मोठा घ्यावा तितकी तिच्यातून मिळणारी एकूण धारणा कमी होते. लिथियम घटमालेत हा परिणाम नगण्य असतो व तिची ८० टक्के धारणा नित्य वापरता येते. शिसे-अम्ल घटमालेची विसर्जन-भारणाची आवर्तने काही शेकड्यांत मोजली जातात, तर लिथियम लोह फॉस्फेटाची काही हजारांत.

एका उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. एखाद्या निवासवाहनात प्रशीतक, दिवे, पंखा, पंप व संगणक मिळून रोज १,००० वॉट-तास ऊर्जा लागते असे मानू. १२ व्होल्ट दाबास हे सु. ८३ अँपिअर-तास होतात. निम्मीच धारणा वापरावयाची असल्याने शिसे-अम्ल प्रकारच्या १०० अँपिअर-तासांच्या दोन घटमाला लागतात व त्यांचे वजन ५५ ते ६० किग्रॅ. भरते. लिथियमची १०० अँपिअर-तासांची एकच घटमाला १,२८० वॉट-तास ऊर्जा साठविते. तिच्या ८० टक्के धारणेतून ही गरज भागते आणि तिचे वजन साधारणतः ११ ते १४ किग्रॅ. असते.

विद्युत् भारण : शिसे-अम्ल घटमाला भरत आली की, ती स्वतःच कमी प्रवाह घेऊ लागते. शेवटचा सु. २० टक्के भाग भरण्यास कित्येक तास लागतात व तो वारंवार अपुरा राहिल्यास पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात. लिथियम घटमालेचा अंतर्गत रोध अल्प असल्याने ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मोठा प्रवाह घेते. अर्धवट भरलेल्या स्थितीत राहिल्याने तिचे नुकसान होत नाही.

जुने भारक यासाठी तपासावे लागतात. लिथियम लोह फॉस्फेटास १४·२ ते १४·६ व्होल्ट दाब लागतो; १३·६ व्होल्टच्या आसपास स्थिर राहणाऱ्या जुन्या भारकाने भारण अत्यंत मंद होते. याउलट, शिसे-अम्ल घटांच्या समतोलनासाठी १५ व्होल्टहून अधिक दाब देणारी, तसेच थंडीत दाब आपोआप वाढविणारी योजना लिथियमसाठी बंद ठेवणे आवश्यक असते. छतावरील सौर पट्टांच्या नियंत्रकासही हाच नियम लागू पडतो.

आल्टरनेटरचा प्रश्न : चालत्या वाहनात एंजिनावर फिरणारा आल्टरनेटर दोन्ही घटमालांना वीज देतो. जुन्या रचनेत एंजिन सुरू होताच एक रिले दोन्ही घटमाला परस्परांना जोडतो. शिसे-अम्ल घटमालेची मागणी आपोआप उतरत असल्याने ही रचना निर्धोक ठरे. लिथियम घटमाला मात्र आल्टरनेटर देऊ शकेल तितका प्रवाह दीर्घकाळ ओढते. वाहन उभे असून एंजिन मंद गतीने चालत असेल, तर आल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, वारा अपुरा पडतो आणि वेटोळ्यांचे निरोधन किंवा एकदिशकारक डायोड जळू शकतात.

दुसरा धोका अचानक खंडित होण्याचा आहे. लिथियम घटमालेतील व्यवस्थापन मंडल दाब, प्रवाह व तापमान यांवर लक्ष ठेवते व मर्यादा ओलांडली जाताच घटमाला तोडते. त्या क्षणी आल्टरनेटर मोठा प्रवाह देत असेल, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र तत्काळ ओसरत नाही व दाब क्षणार्धात उसळतो. त्यामुळे डायोड व वाहनातील इलेक्ट्रॉनीय साधने निकामी होऊ शकतात. या दोन्ही दोषांवर एकदिश-ते-एकदिश भारक हा रूढ उपाय आहे. तो एंजिनाची घटमाला व गृहोपयोगी घटमाला यांच्यामध्ये बसवितात. तो प्रवाह ३० किंवा ४० अँपिअरसारख्या ठरावीक मर्यादेत ठेवतो व योग्य दाब पुरवितो. आधुनिक वाहनांत इंधनबचतीसाठी आल्टरनेटरचा दाब अधूनमधून मुद्दाम उतरविला जातो. तेथे तर असा भारक अपरिहार्य असतो.

तारा व वितळतारा : १२ व्होल्टच्या प्रणालीत थोड्या शक्तीसही मोठा प्रवाह लागतो. २,००० वॉटचा, ९० टक्के कार्यक्षमतेचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर सु. १८५ अँपिअर प्रवाह घेतो. घटमालेपासून दोन मीटर अंतरावरील अशा इन्व्हर्टरला १० चौ.मिमी. काटच्छेदाची तांब्याची तार जोडल्यास जाऊन-येऊन चार मीटर तारेत सु. २४० वॉट शक्ती उष्णतेत वाया जाईल व तारेचे वेष्टन पेटू शकेल. ७० चौ.मिमी. तारेत हा व्यय सु. ३४ वॉटपर्यंत उतरतो. व्यवस्थापन मंडल १०० अँपिअरपर्यंतच प्रवाह देणारे असल्यास असा इन्व्हर्टर एका घटमालेवर चालत नाही. एकाच प्रकारच्या व वयाच्या दोन किंवा अधिक घटमाला समांतर जोडाव्या लागतात. शिसे-अम्ल व लिथियम घटमाला मात्र परस्परांना समांतर जोडणे इष्ट नसते.

शॉर्ट सर्किट झाल्यास लिथियम घटमाला अल्प रोधामुळे हजारो अँपिअर प्रवाह सोडते. साधी वितळतार, म्हणजे फ्यूज, वितळल्यावरही तिच्या दोन टोकांमध्ये विद्युत् प्रज्योत टिकून प्रवाह चालू राहू शकतो. म्हणून घटमालेच्या धनाग्राजवळ उच्च खंडनक्षमतेची वितळतार बसवितात. अमेरिकेत यासाठी ‘टी’ वर्गाची वितळतार प्रचलित असून ती एकदिश प्रवाहात २०,००० अँपिअरपर्यंतचा दोषप्रवाह तोडू शकते.

मापन : शिसे-अम्ल घटमालेत किती वीज उरली याचा अंदाज व्होल्टमापकावरून येतो. लिथियमचा दाब स्थिर राहत असल्याने तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी ऋणाग्राच्या तारेत शंट हा अत्यल्प रोध बसवून आत-बाहेर जाणाऱ्या अँपिअर-तासांचा हिशेब ठेवतात व घटमाला पूर्ण भरली की, तो पुन्हा जुळवून घेतात.

तापमान व सुरक्षितता : ०° से. खाली विद्युत् भारण केल्यास लिथियम आयन ग्रॅफाइटाच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचतात. त्यामुळे धारणा कायमची घटते व घटाच्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा संभव निर्माण होतो. विसर्जनास मात्र थंडीत इतका अडथळा नसतो. शिसे-अम्ल घटमालेतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने ती हवेशीर, बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात ठेवीत. लिथियमची बंदिस्त घटमाला थंड प्रदेशात आतील उबदार भागात हलविणे किंवा स्वतःस तापविणारी घटमाला निवडणे श्रेयस्कर असते.

लोह फॉस्फेटातील ऑक्सिजन फॉस्फरसाशी दृढ बद्ध असल्याने कोबाल्टयुक्त प्रकारांच्या तुलनेने हा घट अतितापनास अधिक प्रतिकार करतो. तरीही त्यातील विद्युत् विच्छेद्य ज्वालाग्राही असतो. त्यामुळे घट अदाह्य आहे असे मानणे चुकीचे होय. व्यवहारात धोका बहुधा घटाबाहेर, म्हणजे सैल जोडणी, अपुरी तार व वितळतारेचा अभाव यांत असतो.

भारतातील स्थिती : भारतात मोटार-कॅरॅव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. लडाखसारखा अतिशीत प्रदेश सोडल्यास येथे थंडीपेक्षा उष्णतेचा प्रश्न मोठा आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनाच्या कप्प्यात तापमान ४५° से. हून अधिक होऊ शकते व त्या तापमानात पूर्ण भारित ठेवलेल्या लिथियम घटाचे वयोमान लवकर घटते. म्हणून येथे घटमालेचा कप्पा छायेत, एंजिन व निष्कास नळीपासून दूर आणि हवा खेळती राहील असा ठेवणे, तसेच वाहन दीर्घकाळ वापरात नसताना घटमाला सु. निम्मी भरून ठेवणे हितावह असते.