वालचंदनगरचे कवच आणि थरांमधली ओढाताण

चंद्रयान-३ घेऊन १४ जुलै २०२३ रोजी ‘एलव्हीएम-३’ हा अग्निबाण झेपावला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ‘एस-२००’ मोटरींच्या कवचाचे काही भाग घडले होते इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात. बारामतीकडून उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या प्रवाशाला याची कल्पना क्वचितच असते.

हे कवच पोलादाचे. परंतु इंधन पेटल्यावर सुमारे तीन हजार अंश सेल्सिअसचे वायू नोझलमधून बाहेर पडतात आणि एवढ्या उष्णतेपुढे पोलाद टिकत नाही. म्हणून नोझलला आतून कार्बन तंतू व राळ यांच्या थरांचे अस्तर असते. खरी कसोटी या थरांची लागते.

एकसंध धातूचा मोकळा पत्रा सर्वत्र सारखा तापवला, तर तो केवळ प्रसरण पावतो. त्यात ताण येत नाही. थरांच्या प्लेटचे तसे नाही. कार्बन-इपॉक्सीचा थर तंतूंच्या दिशेने जवळजवळ प्रसरण पावतच नाही. आडव्या दिशेने मात्र पोलादाच्या दुपटीहून अधिक पावतो. एक थर उभा व दुसरा आडवा चिकटवला, की प्रत्येक जण शेजाऱ्याला अडवतो. भट्टीत पक्की केलेली अशी दोन थरांची प्लेट निवताना आपोआप वाकते, ती याचमुळे.

हे ताण गणिताने आधीच काढावे लागतात. जाड वही वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात. चिकटवलेल्या थरांना तशी मोकळीक नसते; ती अडलेली सरक म्हणजेच कर्तन ताण, आणि तो वाढला की थर सुटतात. पातळ पत्र्यांसाठी रचलेला जुना सिद्धान्त जाडीतील ही सरक हिशेबातच धरत नाही. घुगल आणि कुलकर्णी या संशोधकांनी २०१३ मध्ये थरांच्या प्लेटमधील औष्णिक ताणांसाठी त्रिकोणमितीय फलन वापरले, ते ही उणीव भरून काढण्यासाठी. अर्थात सपाट प्लेटचे गणित सुटले म्हणून जळत जाणाऱ्या, वक्र अस्तराचे सुटले असे नव्हे.

डिसेंबर २०२२ मध्ये युरोपच्या ‘वेगा-सी’ अग्निबाणाच्या नोझलमधील कार्बन-कार्बनचा भाग अपेक्षेपेक्षा अधिक झिजला आणि दोन उपग्रह गमावले गेले. पहिल्या चौकशीने दोष पदार्थाचा ठरवला, आराखड्याचा नव्हे. जून २०२३ च्या चाचणीत दुसऱ्या पदार्थाचा भागही निकामी झाला. अखेर आकार आणि उष्णतेतील वर्तन यांचा मेळ बसत नसल्याचे आढळले व नोझलचा आराखडाच बदलावा लागला.