कुत्र्याच्या गळ्याखालची गांठ

काखेंत अगर जांघेंत गांठ आली म्हणजे आपण तिला अवधाण म्हणतों व चार दिवसांत जिरेल म्हणून सोडून देतों. आमच्या आळींतील मोती नांवाच्या राखणदार कुत्र्याच्या जबड्याखालीं दोन गांठी हातास लागल्या, तेव्हां आम्हीं तसेंच केलें. त्या दुखत नव्हत्या. मोती भाकरीही खात होता.

शरीरांतील लसिका नांवाचा पाणीदार रस गाळून रोगजंतूंस अडविणाऱ्या ग्रंथी जबड्याखालीं, खांद्यापुढें व मागील गुडघ्यांच्या पाठीमागें असतात. त्यांतील पांढऱ्या पेशी अनावर वाढल्या म्हणजे ग्रंथी न दुखतां फुगतात. हाच लसिकाग्रंथींचा कर्करोग, अथवा लिम्फोमा. उपचार न झाल्यास बहुतेक कुत्रीं एक-दोन महिन्यांत दगावतात.

तथापि प्रत्येक गांठ म्हणजे हा रोग नव्हे. गोचिडांपासून होणाऱ्या तापांतही ह्याच ग्रंथी सुजतात, आणि तो ताप वेळीं ओळखल्यास डॉक्सिसायक्लिननें बहुधा बरा होतो. म्हणून बारीक सुईनें गांठींतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहाव्या लागतात. त्यापूर्वीं सूज उतरविण्यासाठीं प्रेडनिसोलोन देणें घातक. गांठी वितळतात, धनी हर्षतो. परंतु रोगाची खूण पुसट होते व पुढें तो इतर औषधांस नीट दाद देत नाहीं. आम्हीं कोणाच्याशा सांगण्यावरून मोत्यास ह्याच गोळ्या चारल्या. महिन्याभरानें गांठी परतल्या, तपासणींत रोग ठरला, आणि मोती गेला.

योग्य उपचारांत व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन व प्रेडनिसोलोन हीं चार औषधें आळीपाळीनें पांच-सहा महिने देतात. रोग समूळ क्वचितच जातो. परंतु बहुतेक कुत्र्यांच्या गांठी मावळतात आणि पुष्कळांस सुमारें वर्षभर सुखाचें आयुष्य लाभतें. पैकीं व्हिन्क्रिस्टिन निघतें आपल्या अंगणांतील सदाफुलीपासून! अमेरिकेंत १९६३ सालीं तें माणसांसाठीं मान्य झालें. (म्हणून कोणी सदाफुलीचा पाला कुत्र्यास चारूं नये, तो विषारी आहे. हें औषध शिरेबाहेर सांडलें तरी मांस जळतें.)

खरी अडचण अंतराची. १८८६ पासूनचें परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय मुंबईस. जळगांवाहून रेल्वेनें तें सुमारें ४२० किलोमीटर, आणि हे उपचार बहुधा आठवड्यागणिक. निदानास मात्र प्रवास नको. धुळ्यास वा जळगांवींच पशुवैद्यानें पेशी कांचपट्टीवर पसरून वाळविल्या कीं ती पट्टी तपासणीस डाकेनेंही धाडतां येते. पुढें आळींतील एका कुत्रीस तशाच गांठी आल्या, तेव्हां आम्हीं आधीं सुई टोंचविली. तो गोचिडांचाच ताप निघाला.