गाडीचे गिअर ऑईल घरी बदलताना

ट्रकवाल्यांच्या घरात इंजिन ऑईलची काळजी सगळे घेतात, गिअर ऑईलची फारसे कोणी घेत नाही. इंजिनचे ऑईल काळे पडते, थोडेथोडे जळून कमी होते, त्यामुळे ते आठवणीत राहते. गिअरबॉक्सचे ऑईल मात्र गळती नसेल तर तेवढेच्या तेवढे राहते. पण कमी न होणे आणि खराब न होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या काकांची टाटा ४०७ बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेते. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये घाट चढू लागली की सारा जोर एकमेकांत अडकलेल्या दातांवर आणि त्यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरावर येतो. तो थर तुटला की लोखंड लोखंडाला घासते.

अमेरिकेत पुष्कळ ट्रकांना स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. त्याचे तेल पातळ, बहुधा लाल रंगाचे, आणि तळाचे पात्र उतरवून आतला फिल्टर बदलावा लागतो. आमच्या गाडीसारख्या हाताने गिअर टाकायच्या गाडीत सहसा फिल्टर नसतो. बऱ्याच गिअरबॉक्सांत खालच्या बुचाला चुंबक असते, तेवढीच काय ती गाळणी.

काम कठीण नाही, पण क्रम चुकता कामा नये. आमचे मिस्त्री कानडी आहेत. ते म्हणतात, "मोदलु मेलिनदु, आमेले केळगिनदु." म्हणजे आधी वरचे, मग खालचे. बाजूला वर असलेले भरण्याचे बूच आधी सैल करून पाहायचे, ते सुटले तरच खालचे काढायचे. वरचे बूच गंजून बसले असेल आणि आपण आधीच तेल सोडून दिले असेल, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सनिशी दारात उभी! भाडे बुडते ते वेगळेच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा तोटा समजावून सांगायला नको.

गाडी आधी थोडी फिरवून आणावी. कोमट तेल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येते. मग सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांच्या मागेपुढे मोठे दगड लावावेत. ट्रकखाली माणूस सहज शिरतो, तेव्हा जॅक लावू नये. जॅकवर गाडी कललेली राहते आणि तेलाची पातळी खोटी दिसते.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे निघालेले तेल पाहणे. चुंबकावर बारीक काळा लगदा असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज. टोकदार तुकडे मिळाले तर दात तुटला असावा. तेलात सोनेरी चमक दिसली तर गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या झिजत आहेत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते तेलातच शोधावे. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

नवे तेल गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घ्यावे. डब्यावर जीएल-४, जीएल-५ असे आकडे असतात. पाच मोठा म्हणून तो सरस, असे समजू नये. जीएल-५ च्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये त्याच पितळी कड्यांना बाधतात. खालचे बूच पुसून, नवा वायसर घालून घट्ट करावे आणि वरच्या भोकातून नळीने तेल सोडावे. दाट असल्याने ते सावकाश उतरते, घाई करून उपयोग नाही. भोकाच्या खालच्या काठावरून थेंब ओघळू लागले की पुरे. जास्त भरले तर फेस होतो, सीलमधून गळते आणि क्लचपर्यंत जाते.

उरलेले जुने तेल वाळवीवर उपाय म्हणून दाराला किंवा कुंपणाच्या खांबांना फासायची आपल्याकडे चाल आहे. ती सोडावी. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले आहे, आणि बेळगावात अजून पुष्कळ घरी विहिरीचे पाणी वापरतात. झाकणाच्या डब्यात भरून ते अधिकृतपणे जुने तेल घेणाऱ्याकडेच पोचवावे.

त्या रात्री गिअरबॉक्सखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी कागद कोरडा असेल तर डायरीत तारीख व किलोमीटर लिहून गाडी भाड्याला सोडावी. डाग असेल तर आधी खालचे बूच पाहावे.